तेराव्या वर्षाचे निमंत्रण

मागील वर्षी आमच्या सावेडीच्या घरी पुण्याहून एक पत्रिका आली. पाकिटावर माझे नाव होते, आणि त्याखाली वेगळ्या ओळीत माझ्या बारा वर्षांच्या नातीचे. पत्रिका मराठीत होती, वर चार अक्षरे हिब्रूत होती, आणि समारंभ होता ‘बार मित्स्वा’चा. माझ्या यजमानांचे एक जुने सहकारी बेने इस्रायली. नगरला नोकरीत असताना आठ वर्षे ते आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहत. पुढे निवृत्त होऊन पुण्यास गेले. त्यांचा नातू तेरा वर्षांचा झाला होता. सुट्टीत तो आणि माझी नात एकत्र खेळत असत, म्हणून तिचे नाव वेगळे लिहिलेले.

मी पस्तीस वर्षे शाळेत गणित शिकविले. पण या पत्रिकेने मला निरुत्तर केले. काय नेसावे, काय न्यावे, तेथे किती वेळ बसावे लागेल, माझ्या साखरेच्या गोळ्यांचे काय, नातीला काय सांगून न्यावे, यांतले एकही उत्तर माझ्याकडे नव्हते. शेजारच्या एका बाईंनी तर तारीख पाहूनच विचारले, “शनिवारी कसले हो शुभकार्य?” शनिशिंगणापूर आपल्याच जिल्ह्यात असल्यामुळे शनिवार म्हटला की आपल्या मनात तेल, लोखंड आणि साडेसाती येते. त्या समाजात मात्र आठवड्यातील सर्वांत आनंदाचा दिवस तोच. प्रश्नांची सुरुवात येथूनच होते.

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांना असे निमंत्रण दोन वाटांनी येऊ शकते. एक वाट आपल्याच राज्यातील: पुणे, मुंबई, ठाणे, पनवेल, अलिबाग या भागांतील बेने इस्रायली कुटुंबांकडून. दुसरी वाट समुद्रापलीकडची: मुलगा-सून न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात असतात, आपण सहा महिन्यांसाठी तेथे गेलेलो असतो, आणि सातवीतल्या नातवाला वर्गमित्राकडून कार्ड येते. दोन्हीकडे समारंभ एकच, पण रीती बऱ्याच निराळ्या. ज्यांना प्रकृती सांभाळून जायचे आहे, आणि ज्यांना अशा वडीलधाऱ्यांना घेऊन जायचे आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

समारंभ कशाचा?

‘बार मित्स्वा’ म्हणजे आज्ञेचा पुत्र. मुलगा तेरा वर्षांचा पूर्ण झाला की धर्माज्ञा पाळण्याची जबाबदारी त्याची स्वतःची होते. तोवर ती आईवडिलांची असते. मुलींसाठी ‘बात मित्स्वा’, म्हणजे आज्ञेची कन्या. परंपरेने मुलीचे वय बारा मानतात. अमेरिकेतील अनेक मंडळ्यांत तेही तेराच धरतात. मुलींचा समारंभ मुलांइतका जुना नाही. अमेरिकेत तो प्रथम 1922 मध्ये न्यूयॉर्कला ज्युडिथ कॅप्लान या मुलीचा झाला. आपल्याकडील परंपरानिष्ठ सिनेगॉगमध्ये मुली पोथीचे वाचन करीत नाहीत. तिथे मुलीचा आनंदसोहळा घरी किंवा सभागृहात होतो.

मुलाने करायचे काय, तर भर सभेत ‘तोरा’ वाचायची. तोरा म्हणजे चर्मपत्रावर हाताने लिहिलेली लांब गुंडाळी. तिच्यात स्वरचिन्हे नसतात, विरामचिन्हे नसतात. मजकूर उजवीकडून डावीकडे जातो, आणि तो नुसता वाचायचा नसतो, ठरलेल्या चालीवर म्हणायचा असतो. स्वर आणि चाल दोन्ही पाठ असावी लागतात. अक्षरांना बोट लावत नाहीत. टोकाला लहान हात कोरलेल्या चांदीच्या काडीने ओळ दाखवितात. मुलगा त्यासाठी महिनोन्महिने शिकत असतो. आपल्या घरी ज्यांनी लहानपणी रुद्र किंवा पुरुषसूक्त पाठ केले असेल, त्यांना या कष्टाची कल्पना येईल.

आपल्याकडची माणसे लगेच म्हणतात, “म्हणजे त्यांची मुंजच की!” समजावण्यापुरते हे ठीक आहे, पण यजमानांसमोर हे वाक्य जपून वापरावे. मुंज आपल्यातही सर्वांच्या घरी होत नाही. नगर जिल्ह्यात तर निम्म्याहून अधिक वाचकांना ती केवळ पाहुणे म्हणून ठाऊक असेल. ख्रिस्ती वाचकांना दृढीकरणाचा विधी अधिक जवळचा वाटेल, आणि पारशी शेजार लाभलेल्यांना नवजोत. नातवंडांना मी एवढेच सांगितले की तुझा मित्र आज पहिल्यांदा सगळ्यांसमोर मोठ्या माणसाचे काम करणार आहे. ते तिला पटकन समजले.

आणखी एक गोष्ट. तेरा वर्षांच्या मुलाचा आवाज फुटत असतो. वरच्या पट्टीत गेला की मध्येच चिरकतो. आपण आजी-आजोबा अशा वेळी कौतुकानेच हसतो. पण त्या मुलाला ते कौतुक आहे हे कळत नाही. हसू नये. नातवंडांनाही आधीच सांगून ठेवावे.

आपलीच मराठी माणसे

बेने इस्रायली समाजाविषयी नव्या पिढीला फारशी माहिती नसते, म्हणून थोडे सांगते. त्यांच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज फार प्राचीन काळी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले. कोकणातील गावांत ते तेलघाणे चालवीत, आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. आडनावे पाहा: दिवेकर, पेणकर, किहीमकर, राजपूरकर. गावावरून आडनाव घेण्याची पद्धत आपलीच. घरातली भाषा मराठी. एकोणिसाव्या शतकात त्यांनी हिब्रू धर्मकथांवर मराठी कीर्तनेही रचून म्हटली. मुंबईतील त्यांचे पहिले सिनेगॉग 1796 मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधले. सिनेगॉगला हे लोक मराठीत ‘मशीद’ म्हणत आले आहेत, आणि मुंबईच्या मशीद बंदर स्थानकाचे नाव त्याच वास्तूवरून पडले असे सांगतात. पुण्याच्या कॅम्प भागातील लाल विटांचे, उंच मनोऱ्याचे ‘लाल देऊळ’ आपण पाहिले असेल. ते डेव्हिड ससून यांनी बांधविले, 1867 मध्ये पूर्ण झाले. ससून मूळचे बगदादचे. बेने इस्रायलींचा इतिहास निराळा, हेही ध्यानात असू द्यावे. दोघांना एक समजून प्रश्न विचारले की यजमान हसून उत्तर देतात खरे, पण शंभराव्यांदा देत असतात.

1948 नंतर या समाजातील बरीच कुटुंबे इस्रायलला गेली. 2016 मध्ये महाराष्ट्र शासनाने ज्यूंना धार्मिक अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली, तोवर येथे थोडीच कुटुंबे उरली होती. मागे राहिलेल्यांत वृद्धांचे प्रमाण डोळ्यांत भरते. मुले तिकडे, आईवडील इकडे. हे चित्र आपल्या वाचकांना नवे नाही. त्यामुळे “तुम्ही कधी जाणार इस्रायलला?” हा प्रश्न विचारू नये. तो आपल्या लेखी चौकशीचा असतो, त्यांच्या लेखी तो ‘तुम्ही येथले नाही’ असा ऐकू येतो. तिकडच्या युद्धाविषयी मत मागणेही त्या दिवशी टाळावे. घरातले कोणीतरी तेथे असू शकते.

शनिवारचे नियम, आणि माझी चूक

तोरा सोमवारी, गुरुवारी आणि शनिवारी वाचतात. पत्रिकेवरचा वार आधी पाहावा, कारण शनिवार असेल तर पाहुण्याचे वागणे बदलते. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत ‘शब्बाथ’ असतो. त्या काळात काम वर्ज्य. लिहिणे, दिवा पेटविणे, फोन वापरणे, छायाचित्र काढणे, पैशाला हात लावणे, हे सर्व त्यात येते. प्रत्येक कुटुंब हे सारखेच काटेकोर पाळते असे नाही. पण सिनेगॉगच्या आवारात पाहुण्याने ते पाळावेच. सोमवारी किंवा गुरुवारी समारंभ असेल तर छायाचित्रांना सहसा अडचण नसते. तरीही विचारून काढावीत.

मी हे सारे वाचून गेले होते. फोन बंद करून पर्सच्या तळाशी ठेवला. पण सवय ही सवय. प्रार्थना संपल्यावर सगळे खाली जमले, मुलगा समोर आला, आणि माझा हात आपोआप पर्समधील आहेराच्या पाकिटाकडे गेला. मी ते पुढे केले. मुलाने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि आजोबांकडे पाहिले. क्षणभर कोणीच बोलले नाही. मग भाऊजी हळूच म्हणाले, “वहिनी, आज राहू द्या. उद्या घरी मलिदा आहे, तेव्हा आणा.” माझी नात शेजारी उभी होती. आदल्या रात्री मीच तिला पैशांचा नियम समजावून सांगितला होता.

तेव्हा पाकीट, भेटवस्तू, हार, नारळ, पेढ्यांचा पुडा यांतले काहीही शनिवारी सोबत नेऊ नये. आधी किंवा नंतर घरी पोहोचते करावे. खाद्यपदार्थ द्यायचेच असतील तर अख्खी फळे न्यावीत. त्यांना अडचण येत नाही. मिठाई मात्र कोणत्या भांड्यात, कशाबरोबर बनली हे यजमानांना ठाऊक नसल्याने ती ते बहुधा खाणार नाहीत. रकमेविषयी सांगायचे तर आपण एकशे एक, पाचशे एक देतो; वरचा एक रुपया शुभ. त्यांच्यात अठराच्या पटीत देण्याची प्रथा आहे. हिब्रूत प्रत्येक अक्षराला अंकमूल्य असते, आणि ‘जीवन’ या अर्थाच्या ‘खाय’ या शब्दातील दोन अक्षरांची बेरीज अठरा होते. हे मला नंतर कळले. त्याचे काय झाले ते पुढे येईलच.

प्रकृती सांभाळून

नगरहून पुणे सुमारे 120 किलोमीटर. सकाळची प्रार्थना लवकर सुरू होते, आणि शनिवारची प्रार्थना दोन-अडीच तास सहज चालते. साठी-सत्तरी ओलांडलेल्यांनी पहाटेची एसटी पकडून थेट तेथे बसण्याचे धाडस करू नये. आदल्या दिवशी जाऊन मुक्काम करावा. आम्ही तसेच केले.

खाण्याचे गणित आधी मांडावे. प्रार्थनेच्या आधी तेथे चहा-फराळ मिळत नाही. खाणे प्रार्थनेनंतर, आणि तेही आशीर्वाद म्हणून झाल्यावर. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी नेहमीच्या वेळी नाश्ता करूनच निघावे. आपण रिकाम्या पोटी जावे अशी त्यांची मुळीच अपेक्षा नसते. देवळात जाताना उपाशी जाण्याची सवय आपली. सोबत ग्लुकोजच्या गोळ्या किंवा दोन खडीसाखरेचे खडे असू द्यावेत. साखर उतरल्याची चाहूल लागली, घाम फुटला, हात थरथरले, तर संकोच न करता तेथल्या तेथे तोंडात टाकावे. जीव धोक्यात असेल तर शब्बाथचे नियम बाजूला ठेवणे हे त्यांच्या धर्मात कर्तव्यच मानले आहे. त्यामुळे औषध घेणे, फोन लावणे, रुग्णवाहिका बोलावणे याला तेथे कोणी आक्षेप घेणार नाही. श्रवणयंत्र काढून ठेवू नये. गोळ्यांचा गजर फोनवर लावत असाल तर त्या दिवशी साधे हातघड्याळ वापरावे.

दुसरी अडचण जिन्याची. परंपरानिष्ठ सिनेगॉगमध्ये पुरुष आणि स्त्रिया वेगळे बसतात, आणि पुष्कळ जुन्या वास्तूंत स्त्रियांची जागा वरच्या सज्जात असते. गुडघे दुखणाऱ्या आजीबाईंना हे तेथे गेल्यावर कळले तर पंचाईत होते. निमंत्रण स्वीकारतानाच फोनवर विचारावे: जिना आहे का, कठडा आहे का, खाली मागे बसण्याची सोय होईल का, शौचालय कोठे आहे. विचारण्यात लाज नाही. उलट यजमानांना सोय करायला वेळ मिळतो. माझ्यासाठी खाली कडेला खुर्ची ठेवणार होते, पण नातीला वर बसायचे होते, म्हणून मी कठडा धरून सावकाश चढले.

प्रार्थनेत अनेकदा उभे राहावे लागते. समोरच्या भिंतीतील कपाट, ज्यात तोरा ठेवतात, ते उघडले की सर्व उभे राहतात. गुंडाळी सभेतून फिरविताना तर राहतातच. पाहुण्यांनी सर्वांबरोबर उभे राहावे, पण ज्यांना शक्य नाही त्यांनी निःशंक बसून राहावे. तसे करणारे त्यांचे स्वतःचे वृद्धही शेजारी दिसतील. बाहेर जायचे झाल्यास कपाट उघडे असताना किंवा वाचन चालू असताना जाऊ नये, दोन भागांच्या मध्ये जावे. ज्यांना वारंवार लघवीला जावे लागते त्यांनी सुरुवातीलाच कडेची, दारापाशी जागा धरावी. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीस न्यायचे असेल तर पूर्ण वेळ बसविण्याचा हट्ट सोडावा. मुलाच्या वाचनाच्या सुमारास आणावे, ते झाले की न्यावे. वेळ यजमानांना विचारता येते.

वाचन संपल्यावर सज्जातून मुलावर गोळ्या-चॉकलेटे उधळतात. आमच्या नातीने सर्वांत नेम धरून मारले. लहान मुले ती वेचायला धावतात, आणि कागदात गुंडाळलेल्या गोळ्या फरशीवर पसरतात. त्यावरून पाय सरकायला वेळ लागत नाही. काठी वापरणाऱ्यांनी ती गडबड ओसरेपर्यंत जागेवरून हलू नये.

कपड्यांचे फार अवघड नाही. पुरुषांनी डोके झाकावे. दाराशी लहान गोल टोप्या ठेवलेल्या असतात, आणि आपली गांधी टोपीही चालते. प्रार्थनेची झालर लावलेली शाल मात्र पाहुण्यांनी घेऊ नये. ती त्यांच्या धर्मातील पुरुषांची. स्त्रियांनी खांदे, दंड झाकले जातील असे नेसावे. पदर डोक्यावर घेतला तर उत्तमच. कुंकू पुसण्याची गरज नाही. गुंडाळी जवळून जाताना लोक तिला हात लावून ओठांशी नेतात. आपण तसे करण्याचे कारण नाही, नुसते उभे राहावे. आणि ओळखपत्र अवश्य जवळ ठेवावे. 2008 च्या मुंबई हल्ल्यात नरिमन हाउसवर जे घडले, त्यानंतर आपल्या राज्यातील सिनेगॉगवर पोलीस पहारा असतो. पिशवी तपासली तर रागावू नये. यजमानांना पाहुण्यांची नावे आधी कळवावी लागू शकतात, म्हणून ऐनवेळी चार जण वाढवून नेऊ नयेत.

ताटात काय?

प्रार्थनेनंतर द्राक्षरसावर आशीर्वाद म्हणतात. बेने इस्रायली घरांत मनुका भिजवून काढलेले सरबत वापरण्याची जुनी पद्धत आहे. परदेशात बहुधा द्राक्षाची वाइन असते आणि मुलांसाठी साधा रस. आशीर्वाद होईपर्यंत कोणी खात नाही, आपणही थांबावे. नको असेल तर पेला नुसता हातात धरला तरी पुरते.

त्यांच्या आहारनियमांना ‘कोशेर’ म्हणतात. डुक्कर नाही, कोळंबी-खेकडे नाहीत, आणि मांस व दूध एका जेवणात नाही. म्हणूनच बेने इस्रायली स्वयंपाकात रश्शाला नारळाचे दूध असते. जेवणात मटण-कोंबडी असेल तर नंतरच्या कॉफीत दूध मागू नये. हा आमच्या पिढीचा हटकून होणारा प्रमाद.

शाकाहारी वाचकांसाठी, आणि नगरमध्ये संख्येने मोठ्या असलेल्या जैन कुटुंबांसाठी, एक विशेष सूचना: कोशेर म्हणजे शाकाहारी नव्हे. परदेशात पाकिटावर ‘पारेव्ह’ असा शब्द असतो. त्याचा अर्थ त्यात दूध नाही आणि मांस नाही, एवढाच. अंडे किंवा मासा असू शकतो. शब्बाथचा वेणीसारखा गुंफलेला पाव, ‘खाल्ला’, याच्या पिठात बहुधा अंडे घालतात. नातवाला अंडे चालत नसेल तर सुनेने कार्डाच्या उत्तरातच तसे लिहावे. तेथे तशी विचारणा असतेच. “तिथे काहीच खाऊ नकोस” असे सांगून मुलाला पाठविणे हा मात्र अन्याय आहे. सर्व मित्र जेवत असताना तो एकटा रिकाम्या ताटापुढे बसतो, आणि घरी येऊन आपल्याला खरे सांगत नाही.

समुद्रापलीकडे

अमेरिकेतील कार्डाविषयी थोडक्यात. आपल्या पत्रिकेवर ‘सहकुटुंब सहपरिवार’ असते. तेथील पाकिटावर ज्याचे नाव, त्यालाच निमंत्रण. नातवाचे एकट्याचे नाव असेल तर आईवडीलही जात नाहीत, दाराशी सोडून येतात. मग आजी-आजोबांचा प्रश्नच नाही. यात अपमान मानू नये. होय किंवा नाही हे दिलेल्या तारखेपूर्वी कळवायचेच. “बघू, जमले तर येऊ” हे उत्तर तेथे उद्धटपणात मोडते, कारण माणशी ताट मोजलेले असते. होय म्हटले की ताप आल्याशिवाय चुकवायचे नाही.

सकाळची प्रार्थना आणि संध्याकाळची मेजवानी अशी दोन निमंत्रणे असतील तर केवळ मेजवानीला जाणे बरे दिसत नाही. नातवाला सकाळीही पाठवावे. मेजवानीत संगीत फार मोठ्याने असते. आपणही निमंत्रित असाल तर ध्वनिक्षेपकापासून दूर बसावे, श्रवणयंत्राचा आवाज कमी करून घ्यावा. मुलाला खुर्चीवर बसवून उचलतात आणि भोवती फेर धरतात. त्या फेरात शिरायचा मोह गुडघ्यांना विचारूनच आवरावा किंवा पुरवावा.

एक गोष्ट आपण आजी-आजोबाच नातवंडांना सांगू शकतो. वर्गातील सर्वांना निमंत्रण असतेच असे नाही. मेजवानीच्या गोष्टी शाळेत, न बोलावलेल्या मुलांसमोर उगाळू नयेत. आणि आपल्याच नातवाला बोलावले नाही, तर “आपण भारतीय म्हणून” असा निष्कर्ष लगेच काढून त्याच्या मनात भरवू नये. बहुधा कारण सभागृहातील खुर्च्यांचे असते.

दहावा

आता पुण्याकडे परत येते. मुलाचे वाचन चालू असताना मी खाली भाऊजींकडे पाहत होते. मोठी भावनाप्रधान व्यक्ती नव्हे ही. माझे यजमान गेले तेव्हाही त्यांनी फक्त माझ्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला होता. त्या दिवशी मात्र ते रुमालाने डोळे टिपत होते, आणि आवाज चिरकला तेथे तर सरळ रडत होते.

दुसऱ्या दिवशी मी विचारले. ते म्हणाले, “वहिनी, आमच्यात सामूहिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. त्याला मिन्यान म्हणतात. नऊ झाले आणि दहावा नाही, तर तोरा काढता येत नाही, मेलेल्या माणसासाठी काद्दीश म्हणता येत नाही. पूर्वी आमच्या गल्लीतच तीस माणसे होती. आता कोणी आजारी पडले की आम्ही फोन करीत बसतो, दहावा शोधत. मागल्या वर्षी बहिणीच्या वर्षश्राद्धाला नऊच जमलो. तासभर वाट पाहिली आणि घरी गेलो.” मग आतल्या खोलीत मित्रांबरोबर दंगा करणाऱ्या नातवाकडे मान वळवून म्हणाले, “कालपासून हा मोजला जातो.”

मी काही बोलले नाही. नगरला आमच्या वाड्यात वडिलांचे श्राद्ध करायला गुरुजी मिळेना, तेव्हा माझ्या भावाचा चेहरा असाच झाला होता.

त्या रविवारी मलिदा होता. परातीत भिजविलेले गोड पोहे, ओले खोबरे, वेलची, वर फळांच्या फोडी. एलियाहू हानाबी, म्हणजे संदेष्टा एलिया, यांचे नाव घेऊन हिब्रू गीत म्हणतात आणि मग सर्वांना वाटतात. आनंदाच्या, नवसाच्या, घरभरणीच्या प्रसंगी हा विधी कोकणापासून चालत आलेला आहे. त्यात मांस नाही, दूध नाही, अंडेही नाही, त्यामुळे कोणाही शाकाहारी पाहुण्याने निश्चिंत घ्यावा. मधुमेह्यांनी मात्र मूठभर पोह्यांवर थांबून फळांकडे वळावे. मी दोन मुठी घेतल्या आणि रात्री साखर तपासून पश्चात्ताप केला. नातीने ‘मझ्झल तोव’ म्हणून मित्राला गणिताच्या कोड्यांचे पुस्तक दिले. ‘अभिनंदन’ म्हटले असते तरी चालले असते. घरात सगळे मराठीतच बोलत होते.

मग मी पुन्हा पर्स उघडली. या वेळी मुलाने दोन्ही हातांनी पाकीट घेतले, वाकून नमस्कार केला आणि आजोबांकडे दिले. भाऊजींनी ते उघडून पाहिले, पाचशे एक रुपये, आणि कित्येक वर्षांनी मी त्यांना मोठ्याने हसताना ऐकले.

“वहिनी, गणिताच्या बाई ना तुम्ही? आणखी तीन रुपये घातले असते तर आमचाही शकुन झाला असता.”

अठरा अठ्ठावीस पाचशे चार. मी पर्सच्या कप्प्यात सुटे शोधू लागले.